ऐंशी मिलिसेकंद

हॉलच्या पावतीवर घाडीगावकरांनी लिहिलं: वाढदिवस.
‘रिदम गेमच्या संगीताची स्पर्धा’ हा रकाना
त्यांच्या वहीत नव्हता.
बारसं, भजन, वार्षिक सभा, वाढदिवस.
मी म्हटलं, लिहा काहीही, पंखे चालू ठेवा.

कन्नमवार नगर, तळमजला, रविवार, दुपारी दोन.
बक्षीस रुपये एकवीसशे
आणि लॅमिंग्टन रोडवरून आणलेला कीबोर्ड,
ज्याचं एक बटण मी स्वतः सोल्डर केलंय.

नियम लिहायला तीन रात्री गेल्या.
गाणं दोन मिनिटांच्या आत.
चार बोटांत मावेल एवढंच.
ताल असा, की ओळखीचा वाटता वाटता पाय घसरावा.
चौथा नियम आईचा: साडेनऊनंतर धांगडधिंगा नाही.

एकतीस गाणी आली.
झुबैदा मुकादमने आयसीयूतले तीन मॉनिटर
एकमेकांवर रचले होते,
एक सात मात्रांचा, एक अकरा, एक तेरा.
तिघांची सम एकदाच,
एक हजार एक मात्रांनंतर.
तोवर काय करायचं, विचारलं
तर म्हणाली, नातेवाईक करतात तेच.

मेल्विन कुटिन्होने लिफ्टमधल्या बाईचं
‘कृपया दरवाजा बंद करा’
तुकडे करून उलटं लावलं.
घाडीगावकर उठून खरंच दार बघून आले.

प्रोजेक्टर भाड्याचा. आवाज पुढे, चित्र मागे,
मध्ये ऐंशी मिलिसेकंद.
तेवढ्यात चिमटासुद्धा बसत नाही कुणाला,
पण वरून पडणाऱ्या निळ्या चौकोनांवर
ज्यांनी डोळे ठेवले, ते सगळे उशिरा.
मी सेटिंगमध्ये ऐंशी घातले.
मग पंच्याऐंशी.
मग परत ऐंशी, आणि पहिल्या चौघांची माफी मागितली.

उन्मेष कासारेचं गाणं शेवटून दुसरं.
नाव ‘सातवा मजला’.
वडील गॅस सिलिंडर पोचवतात.
त्यांच्या खिशात फोन सरकवून, न सांगता,
पावलं, कडीची किणकिण, श्वास.
नऊ पायऱ्या, वळण, नऊ पायऱ्या.
दर मजल्याला लय केसभर मंदावते
आणि पाचव्यावर एकदम अशी दाटते
की कृतिका शेलटकरची बोटं,
आमच्यातली सगळ्यात तरबेज,
हवेतच राहिली.
शिट्ट्या पडल्या.

वडील आले होते. दाराशी, चपला हातात.
कुणीतरी म्हटलं, काका, तुम्ही खेळा ना.
त्यांनी एकच तर्जनी वापरली,
डोअरबेल दाबावी तशी.
स्क्रीन लाल. लाल. लाल.
सातव्यापर्यंत पोचलेच नाहीत.
मग मुलाला म्हणाले, हळूच,
पण माइक चालू राहिला होता:
‘पाचव्यावर मी टेकवतो ना रे.
तिथली बाई पाणी देते.
तू तिथं काय बडवतोयस?’

तिथं उन्मेषने चाळीस सेकंदं कापून
सोळा ठोके भरले होते.
रिकामं बरं दिसत नाही म्हणून.

पहिली झुबैदा.
परीक्षकांत वाद झाला, समोसे संपले,
मेल्विनला दुसरं मिळालं, ते त्याला पटलं नाही.
तिसऱ्याचं प्रमाणपत्र टेबलावरच पडून राहिलं.

खुर्च्या रचून झाल्या. किल्ली द्यायला गेले
तेव्हा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर लॅपटॉप मांडीवर,
उन्मेष एकेक ठोका पुसतोय
आणि शेजारून वडील सांगतायत,
अजून थोडं.
अजून.
गार असतं पाणी, घाईत नाही पीत मी.

‘झाला वाढदिवस?’ घाडीगावकर म्हणाले,
‘होता कुणाचा?’
मी काही बोलले नाही. त्यांनी वही मिटली.
‘जिन्यात बसलेत कुणीतरी. दिवा घालवू?’

राहू द्या, म्हटलं.
ते अजून पाचव्यावर आहेत.