खोकला काढू नये

मार्गशीर्षात पथाऱ्यांवर मिरची पडली
की अख्खं नंदुरबार खोकतं.
वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर
खिडक्यांना ओली फडकी लावून
मी आणि धडगावची रविता
कॅसेटी उतरवत बसतो.
तासाभराची कॅसेट उतरायला तासच लागतो.
आवाजाला घाई चालत नाही.

टेप मरताना कुरकुरते,
पांढरी बुरशी दाखवते,
डेकच्या दातांत गुंतून तमाशा करते.
फाइल गुपचूप जाते.
सकाळी नाव जागेवर, आकडा तेवढाच,
उघडावी तर आत कुणी नाही.
म्हणून दर फाइलला चौसष्ट अक्षरांची खूण,
म्हणून एक डिस्क इथे,
एक धुळ्याला, बँकेच्या लॉकरात,
एक नाशिकला, रविताच्या मामाच्या कपाटात.
दर सोमवारी मी खुणा ताडून बघतो,
गुराख्यानं तिन्हीसांजेला शेपट्या मोजाव्यात तसा.

हे शहाणपण मला उशिरा आलं.
आधी स्टेशन रोडला माझा ‘मधुर व्हिडिओ’ होता.
लग्नसराईत कोऱ्या कॅसेटी परवडायच्या नाहीत.
जुन्या किलोवर घ्यायचो,
आत काय आहे न बघता
वरून लग्न भरायचो.

परवा शहाद्याहून रंजना गिरासे आल्या,
पिशवीत सत्त्याण्णवचं लग्न.
माझंच स्टिकर, माझंच अक्षर,
बदामात दोघांची नावं.
म्हणाल्या, भाऊ आहे यात.
गेला तो. फोटो आहेत, पण फोटो काही बोलत नाही.

लावली.
भाऊ दिसला.
मांडवाच्या खांबाला धरून
गळ्याची शीर ताणून
कुणावर तरी ओरडत होता,
आणि त्याच्या तोंडातून
सिनेमातली बाई गात होती.

ते गाणं मीच भरलेलं.
पन्नास रुपये जास्तीचे घेऊन.

त्या काही बोलल्या नाहीत. मीही नाही.
कॅसेट फिरत राहिली. पंगत, पाठवणी,
धन्यवाद, निळा पडदा, मग मुंग्या.
आणि मुंग्यांतून डफ.

माझ्या हातून सुटलेली चार मिनिटं.
कुठल्या तरी ओट्यावर वहीचा फड,
बत्तीखाली कोंडाळं करून बसलेली माणसं,
धुडकू म्हणून कुणीतरी हाक मारतं,
आणि म्होरक्या मधेच हात वर करतो :
थांब रे भो, मना गळा बसी गया.
मग सगळेच खोकू लागतात,
डफवालासुद्धा.
ना गाव, ना साल.
उरलेली रात्र
मी रंजनाबाईंच्या लग्नाखाली गाडलेली.

गोंगाट पुसायचं एक बटण असतं.
रविताचं बोट तिकडे गेलं.
मी म्हटलं, राहू दे.
हा गोंगाट नाही, ही तारीख आहे.
लिही : मिरचीचे दिवस,
नंदुरबार किंवा जवळपास.

पुन्हा भाऊ दाखवा, रंजनाबाई म्हणाल्या,
गाणं बंद करून.
सहा-सात वेळा बघितलं त्यांनी,
पडद्याला नाक लागेल इतक्या जवळून,
स्वतःचे ओठ हलवत.
मग एकदम हसल्या.
डिझेल! जनरेटरवाल्याला म्हणतोय तो,
डिझेल टाक ना रे भो,
अंधारमा नवरदेव कोठे धुंडू?

त्याच चढ्या आवाजात म्हणाल्या. बहुधा त्याच्याच.

रवितानं माइक कधी पुढे सरकवला
मला कळलं नाही.
संध्याकाळी नोंद केली :
फाइल दोन हजार एकशे चार.
बहीण, भावाच्या ओठांवरून.
अवधी एकोणीस सेकंद.
शेवटी खोकला आहे.
काढू नये.