माग

अडतीस वर्षं मी टपाल वाटलं, सोत्कामोच्या तळ्याकाठी.
वळणावर एका फळीला ओळीनं ठोकलेल्या अकरा पेट्या,
त्यातल्या चौथीचं झाकण हिवाळाभर गोठलेलं,
कोपरानं ठोकून उघडायचं.
पाकीट हातात आलं की कळायचं:
हे कोर्टाचं, हे बँकेचं शेवटचं,
आणि हे जाड, मऊ, पाठवणाऱ्याचं नाव नसलेलं,
मास्तरीणबाईंना दर नऊ तारखेला येणारं.

बर्फात तर सगळंच दिसायचं,
कोणाची पावलं कोणाच्या मागच्या दारी गेली,
आणि परत आली ती किती उशिरा.
मी माझी घसरगाडी त्यांच्यावरूनच न्यायचो,
मुद्दाम, जराशी वाकडी.
कुणी विचारलंच तर हवामान सांगायचं.
पगार वाटण्याचा मिळायचा.
न सांगण्याचा वेगळा कधी मिळाला नाही.

यंदा फेब्रुवारीत, रात्री दोन वाजता,
हेल्मी झोपलेली असताना
टॅब्लेटवर मी चार शब्द टाईप केले:
उजवा हात का थरथरतो.
वाचलं. पुसलं.
कप विसळून पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी तिच्या विणकामाच्या नमुन्यांशेजारी
न सांडणारा चमचा.
नंतर न्हाणीघरात धरायचा दांडा, पंचवीस टक्के सूट.
रविवारी हवामानाच्या पानावर, उणे एकोणीसच्या खाली,
एक हसरा वकील:
मृत्युपत्र करून ठेवलंत का?
हेल्मी काही बोलली नाही.
माझ्या निळ्या शर्टाची बटणं तेवढी उसवली
आणि तिथं टिचबटणं शिवली.

माझ्याच घरात
माझ्याआधी कुणी टपाल वाटून गेलं होतं.

बुधवारी वाचनालयात पिहला असते,
म्हाताऱ्यांची यंत्रं ताळ्यावर आणायला.
म्हणाली, ब्राउझरमध्ये एक एक्स्टेंशन टाकते, फुकट आहे.
कोपऱ्यात नखाएवढी ढाल उगवली.
मग तिनं आमच्याच गावचं वर्तमानपत्र उघडलं,
बर्फाखालच्या मासेमारीचा निकाल,
आणि ढालीवर आकडा चढत गेला.
सात. एकोणीस. त्रेचाळीस.
"त्रेचाळीस काय?"
"तुमच्या मागावर असलेले."
मी मागं वळून पाहिलं. खरंच वळलो.
खिडकीबाहेर सायकलींचा स्टँड, एक कावळा.
माझ्या आख्ख्या वाटेवर घरं होती एकेचाळीस.

"यांना पगार कशाचा?"
"सांगण्याचा," ती म्हणाली.
"मग आता थांबतील?"
"बरेचसे. काही नवी वाट काढतात.
आणि जे आधीच कळलंय, ते कळलंय."
मुलगी खोटं बोलली नाही, हे मला आवडलं.

आता गळ विकणारं ते दुकान मला आत घेत नाही.
ढाल उतरवा, म्हणतं, मग या.
फाटकातल्या कुत्र्यांशी मी आयुष्यभर बोललोय,
डाव्या खिशात सॉसेजचा तुकडा असायचा.
इथं तो चालत नाही.
मी गळ तोइनीकडून आणतो. ती रोख घेते,
आणि सांगितलंच तर फक्त आपल्या बहिणीला सांगते.

त्या रात्री हेल्मीला सांगितलं, हाताचं.
ती सुया न थांबवता म्हणाली,
"नोव्हेंबरपासून तू कप ठेवलास की बशी वाजते, ताइस्तो.
ते चमचे, तो दांडा,
मीच शोधत होते, जानेवारीत.
तुला दिसू नये म्हणून रोज पान बदलत होते."

"आणि वकील?"
"वकील माझा नाही," ती म्हणाली.

म्हणजे कोणाचं टपाल कोणाच्या पेटीत पडलं,
आता कळायला मार्ग नाही.
बाहेर बर्फ नव्यानं पडत होता.
तिनं कॉफी ओतली, अर्धाच कप,
आणि बशी काढून घेतली.