तिठ्यावरचा वारा

आजोबा सांगायचे, तिठ्यावर वारा गालाला लागतो,
चव्हाट्यावर दोन्ही कानांना.
बाकूत वारे दोनच, उत्तरेचा खझरी, दक्षिणेचा गिलावार;
आंधळ्या माणसाला दोन पुरतात.

पियानो लावणारे आगासेफ. खांद्याला चामडी पिशवी,
तीत किल्ली, फेल्टचे तुकडे
आणि एकच सूर बोलणारा पोलादी काटा.
शुक्रवारी तमिल्ला खानमकडे जायचं.
तिचा बेलारूस छापाचा पियानो
समुद्राच्या दमट हवेने सारखा उतरायचा.
घरापासून दोनशे बारा पावलं:
न्हाव्याच्या दुकानाशी, गरम टॉवेलांच्या वासाशी, डावीकडे,
मग दालान.

तिथे बोळाला दालान म्हणतात.
एक तोंड असतं, दुसरं नसतं.
नगररचना खात्यात मी एकसष्ट सालचा नकाशा उलगडला
तेव्हा तो सापडला: आखूड रेघ, शेवटी ठिपका,
ठिपक्याला मिळणारे रस्ते, एक.

आमच्या कामात ठिपके मोजतात.
टोकाला एक, तिठ्याला तीन, चव्हाट्याला चार;
सरासरी काढली
की शहर किती जोडलेलं आहे ते कळतं.
एकसष्टला दोन पूर्णांक सहा.
सत्याऐंशीला थोडं जास्त, पाचमजली इमारतींसाठी
काही गल्ल्या सरळ केल्या होत्या.
मग बुलडोझर टेकडी उतरत आले,
टोकं गेली, आणि आकडा थेट तीनच्या वर.
साहेब खूश झाले. मीही झाले, खोटं कशाला सांगू.
त्या संध्याकाळी पाखलावा घेऊन आजोबांकडे गेले.

त्यांनी दोन तुकडे खाल्ले, बोटं पुसली.
म्हणाले, तमिल्लाकडे आता अकराशे चाळीस पावलं.
सहापदरी रस्ता, त्याखाली भुयार, बेचाळीस पायऱ्या,
आणि भुयारात वारा सगळीकडून येतो,
म्हणजे कुठूनच येत नाही.

मी जुना नकाशा टाचणीने टोचून आणला,
पालथा करून त्यांच्या हाताखाली ठेवला.
तर्जनी घरापासून निघाली, न्हाव्याशी उजवीकडे वळली
(पालथ्या कागदावर सगळंच उलटं, हे त्यांना सांगावं लागलं नाही)
बोळात शिरली, ठिपक्यापाशी पोचली
आणि थांबली नाही.
कोऱ्या कागदावरून तशीच पुढे गेली.

"इथे सुरैयाचं दार.
दारातून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून अंगण,
अंजिराला वळसा घातला की पलीकडची गल्ली.
तीस वर्षं तिच्या चुलीशेजारून गेलो.
ती पीठ मळता मळता ओरडायची,
डोकं सांभाळ, कढई टांगलीय!"

नकाशात रस्ता नव्हता.
वहिवाट होती.

त्या रात्री ते सांगत गेले, मी दारं भरत गेले:
मोच्याचं, दोघी बहिणींचं, हमामामागचं,
एक फक्त उन्हाळ्यात उघडं राहणारं.
एकतीस दारं. एकसष्टचा आकडा
चढत चढत आजच्या आकड्याच्या पुढे गेला.
साहेबांनी कागद पाहिला, चष्मा काढला.
दार म्हणजे रस्ता नव्हे, म्हणाले.
तसा रकानाच नाही.

सुरैया आता विमानतळाकडे, अकराव्या मजल्यावर.
तिच्या अंगणाच्या जागी बाग आहे, कारंजं आहे,
आणि एक हिरवं कुंपण, ज्यात बाजारच्या पिशव्या घेतलेल्या बायकांनी
माणूसभर फट पाडली आहे.
माळ्याने तीनदा तार बांधली.
तीनदा कुणीतरी वाकवली.

गेल्या शुक्रवारी आजोबा त्या फटीशी उभे राहिले.
काठीने चाचपलं, गाल वळवला.
"तिठा," म्हणाले.
आणि आत शिरताना डोकं वाकवलं,
वर नुसतं आभाळ असताना.