चहाच्या गाळण्या

दिवाडीच्या खाजनात मी भात पेरलं
ते चाळीस चहाच्या गाळण्यांत.
म्हापशाच्या बाजारातल्या, स्टीलच्या, दांडे कापलेल्या.
बांधावरून पिएदाद हसली: "चाय कोणाक?"

काम साधं आहे.
गाळणीत माती, मातीत एक दाणा,
मुळं जाळीबाहेर डोकावली की मोजायची,
वरच्या भोकांतून किती, तळाच्या किती.
वरची ती उथळ. तळची ती खोल.
या मोजणीत माझे तीन पावसाळे गेले
आणि चष्म्याचे दोन नंबर.

मुळाला खाली कुठं ते कसं कळतं, तिनं विचारलं.
म्हटलं, टोकाशी काही पेशी असतात,
त्यांच्यात पिठूळ कण, जड,
ते तळाशी जाऊन बसतात.
"कपातल्या साखरेवरी?"
हो, तसंच.
प्रबंधात मी याहून वाईट लिहिलंय.

मग एक जनुक असतं, किती वळायचं ते सांगणारं.
त्यातलं एकच अक्षर गळालं
की वाक्य मध्येच तुटतं
आणि मूळ आडवंच पसरत राहतं.
आम्ही वहीत लिहितो: सदोष.
मी माणदेशातली. आमच्याकडे
विहिरीचा दोर दर उन्हाळ्यात हातभर वाढतो,
खोल जाईल तेच शहाणं.

इथं मानशीची दारं भरतीला मिटतात, ओहोटीला उघडतात,
तरी खारं पाणी खालून चढतंच.
पावसानं धुतलेली तेवढी वरची वीतभर माती गोडी.
त्याखाली काळा चिखल,
त्यात हवा नाही.

भाद्रपदात गाळण्या उपटल्या.
खोल जाणारी मुळं तळाशी तपकिरी,
बोट लागताच सुटणारी.
आणि ती सदोष,
वरच्या भोकांतून बाहेर, पांढरी, आडवी,
बलकांवात पाय पसरून बसलेल्या पाहुण्यांसारखी.

पिएदादनं एक गाळणी उजेडाकडे धरली.
"तें अक्षर पडूंक ना, बाय. तेणें सोडलें."

असं नसतं, मी म्हणाले.
अक्षर उगाच गळतं, कुठंही, कुणाचंही.
कुणाला ठेवायचं ते मग जमीन ठरवते.
ती मान हलवत ऐकत राहिली,
मुलांचं ऐकतात तशी.

वहीतला "सदोष" मी खोडला नाही.
पुढं एक शब्द घातला: कुठं?

तोवर फेरीबोट सुटली होती.
पिएदादनं चहा केला,
तिच्या गाळणीला दांडा होता.
साखर ढवळायला मात्र ती विसरली.