बद्द आवाज

शिकवणारी सव्वीस वर्षांची, टेसा स्टिल्टनर.
मी एक्कावन्नचा; कोळशाची खाण बंद पडून चौदा महिने झालेले.
तिच्या गाडीत मागे बाळाची खुर्ची, खुर्चीत बिस्किटांचा चुरा,
आणि माझ्या मांडीवर विम्याच्या माहितीपत्रकांचा गठ्ठा.
केंटकीच्या या डोंगरांतली वळणं मला पाठ.
माणसंही पाठ आहेत, असं वाटायचं.

पहिल्याच घरी मी अकरा मिनिटं बोललो.
तिनं मोजली होती.
मिसेस ब्लँकनशिप, नाकाला ऑक्सिजनची नळी,
टेबल पुसत राहिल्या,
पुसलेलंच पुन्हा.
"विचार करते," म्हणाल्या,
नि कुत्र्याला आवरत आम्हाला वाटेला लावलं.

गाडीत टेसा म्हणाली, "व्हर्जिल,
त्यांनी तीनदा नवऱ्याचं नाव घेतलं.
तू तीनदा हप्त्याचा आकडा सांगितलास."

कानशिलं तापली. लेकीच्या वयाची पोर!
ओठांवर आलं होतं,
तीन मैल डोंगराच्या पोटात जाऊन ये, मग शिकव.
गिळलं.
घरी फ्रिजवर चुंबकाखाली लाल अक्षरांतलं वीजबिल होतं,
तेही एक कारण. खोटं कशाला बोलू?

रात्री मात्र झोप येईना, आणि ड्यूई आठवला.
एकोणीस वर्षांचा, बडबड्या, नवी कोरी टोपी.
त्याला मीच शिकवलं होतं छत वाजवून बघायला:
आधी तोंड मीट. मग पहार मार.
खणखणीत वाजलं तर पुढे हो.
बद्द वाजलं तर वर पोकळ आहे,
हुशारी न करता मागे फिर.
पोरगा चिडायचा. पण ऐकायचा.
ऐकायचा म्हणून आज टेनेसीत ट्रक चालवतोय.

सकाळी टेसाला म्हटलं, "परत तिथंच जाऊ.
आणि मी फार बोललो तर टेबलाखालून लाथ मार."

या खेपेला एकच प्रश्न विचारला:
"अर्ल गेले तेव्हा खर्च कुणी उचलला?"
आणि थांबलो.
फ्रिज घुरघुरला. ऑक्सिजनचं यंत्र
त्यांच्या वाटचा श्वास घेत राहिलं.
जीभ वळवळत होती माझी;
टेबलाखाली टेसाचा बूट तयार.

"थोरल्यानं ट्रक विकला," त्या म्हणाल्या.
"अजून बोलत नाही माझ्याशी."

बद्द.
तिशी उलटेपर्यंतची सगळी सवय म्हणाली, मागे फिर.
मी खुर्ची पुढे ओढली.

सही झाली ती अगदी लहान रकमेची,
थोरल्याला पुन्हा काही विकावं लागू नये इतपत.
मला वाटलं, आता तरी पोरगी शाबास म्हणेल.

गाडी उतारावर आल्यावर म्हणाली,
"त्यांनी कॉफी विचारली. तू नको म्हणालास.
एकट्या बाईच्या घरी कॉफी नाकारायची नसते."

मी वही काढली.
"थांब," म्हटलं, "वळण जाऊ दे,
अक्षर हलतंय."