खुतब्यातली रिकामी जागा

कार्डिफ. ब्यूट स्ट्रीटच्या मागची गल्ली.
आमची मशीद म्हणजे खानावळीवरची एक खोली.
खाली मटण शिजायचं, वर अल्लाहचं नाव,
आणि दोहोंना धूर एकच.

शेख मुकबिल खानावळीचा मालक, तोच खतीब.
जुम्याला एप्रन सोडून मिंबरवर चढायचा.
मिंबर कसलं, बिस्किटांची दोन खोकी, वर हिरवं फडकं.

त्या नोव्हेंबरात इंग्रजांची तुर्काशी जुंपली.
तोवर दर जुम्याला खलिफाचं नाव यायचं
भरतीच्या पाण्यासारखं, न बोलावता.
त्या दिवशी शेख म्हणाला, "या अल्लाह, मदत कर..."
आणि थांबला.
खाली कुणीतरी कढईवर डाव आपटला.
आम्ही चाळीस खलाशी, एडनचे, बर्बेराचे,
हर्णैचा मी एकटा,
त्या थांबण्यात आपापलं माणूस बसवून
आमीन म्हणालो.

तीन जुमे असंच चाललं.
मग बंदरकचेरीतला साहेब आला, टोपी हातात घेऊन.
चहा प्याला. खुतब्याची नक्कल मागितली, इंग्रजीत.
चौथ्या जुम्याला रिकाम्या जागेत बादशहा बसला, इथला.
शेखचा आवाज कापला नाही. मी कान देऊन होतो.

रागावणार कसा?
ज्याच्या चिठ्ठीवर शेखची सही, त्यालाच जहाज.
ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी;
इथे पोळी नव्हती, शिळा पाव होता, तरी वाजवली.
त्या आमीनच्या जोरावर मी चार वर्षं भट्टीत कोळसा लोटला,
त्याच जोरावर अकरा जण तळाला गेले.
त्यांच्या जेवणाची बाकी शेखनं वहीत खोडली,
एकाची सोडून.

मधे बातमी आली, मक्केचा शरीफच तुर्कावर उलटला.
"बघा," शेख म्हणाला, "तिकडचेच तोंड फिरवतात,
मी तर साधा भटारी."
हसलो आम्ही. सफा मात्र त्याच दिशेला लावल्या.

लढाई संपली. एकोणीसच्या जूनमध्ये
शहर आमच्या दाराशी आलं, काठ्या घेऊन.
शेखनं बादशहाची तसबीर खिडकीत लावली,
तोंड रस्त्याकडे.
पहिला दगड तिच्यातूनच आत आला.

पुढच्या जुम्याला जाजमात काचा होत्या,
सजद्यात कपाळाला टोचणाऱ्या.
शेख खोक्यांवर चढला. "या अल्लाह, मदत कर..."
खाली पोलिसाचे बूट, जाताना, येताना.
आम्ही बसून राहिलो.
तो उतरला,
आणि झाडू मागितला.