वळणं

शाळेने सहा वर्षं केस वाढू दिले नाहीत.
आता वाढलेत, तर मला त्यांचं काही कळत नाही.
कोरडेच विंचरले. कंगव्याचे दोन दात गेले.

मान्सा मावशीने मला पिंपापाशी बसवलं,
कोफोरिडुआच्या लाल अंगणात.
आधी भिजू दे, म्हणाली. तहानलेल्याशी भांडू नये.
चार भाग, चार गाठी.
एक सोडायची, बाकीच्यांनी थांबायचं.
साबण टाळूला; केसांना नुसता ओघळ पुरे.
नखं नकोत, पेरं.
मग शियाचं लोणी तळव्यांत वितळवून
टोकांकडून वर,
एकेका गुंत्याची समजूत काढत.

आणि रोज नको हं, सेरवा.
आपल्या केसांत तेलाला टोकापर्यंत उतरायला
वळणं फार.

“तुझे कोण धुतं?”

तिने रुमाल लगेच सोडला नाही.
कानशिलांवर काहीच नव्हतं.
चाळीस वर्षं घट्ट वेण्या, केस सरळ करायची क्रीमं.
दोर घासून घासून विहिरीचा काठ होतो
तसं गुळगुळीत.

मी पाणी घेतलं. कोमट आहे का पाहिलं.
जिथे केस नव्हते
तिथूनच सुरुवात केली,
पेरांनी.